सीएफआर कसं वाचावं : रिचर्ड हास यांच्या वीस वर्षांत घडलेल्या अभ्याससेवेचं परीक्षण

परराष्ट्र धोरणावर इंग्रजीत फुकट मिळणाऱ्या मजकुराला तोटा नाही. मात्र तैवानची सामुद्रधुनी, इराणचा अणुकार्यक्रम किंवा नाटोचं कलम ५ असा विषय अचानक समोर आला आणि संध्याकाळपर्यंत त्यावर चार माणसांत नीट बोलता यावं इतकं समजून घ्यायचं असलं, तर त्यातला बहुतेक मजकूर कुचकामी ठरतो. एक तर तो बातमीइतका तोकडा असतो, नाही तर शोधनिबंधाइतका जड. न्यूयॉर्कच्या कौन्सिल ऑन फॉरिन रिलेशन्स (सीएफआर) या परराष्ट्र धोरणाच्या अभ्याससंस्थेचं संकेतस्थळ ही मधली जागा फार चांगली भरून काढतं. बॅकग्राउंडर (एखाद्या विषयाची पार्श्वभूमी समजावणारे लेख), संघर्षांचा नकाशा, वर्गासाठीचे भूमिकाभिनय, भाषणांच्या शब्दशः नोंदी यातल्या बहुतेक गोष्टींना पैसे पडत नाहीत. जागतिक राजकारण शिकणाऱ्या-शिकवणाऱ्या कुणालाही ही सेवा वापरा असं बिनदिक्कत सांगता येईल. फक्त ती कुणाच्या खुर्चीत बसून लिहिली आहे, हे आधी ओळखायला हवं. त्यासाठी ज्यांच्या कारकिर्दीत तिला आजचं रूप आलं, त्या रिचर्ड हास यांच्याकडे बघावं लागतं.

संस्था जुनी आहे. १९२१ची स्थापना, १९२२पासून ‘फॉरिन अफेअर्स’ हे नियतकालिक, आणि पार्क अव्हेन्यू व ६८व्या रस्त्याच्या कोपऱ्यावरचं हॅरॉल्ड प्रॅट हाउस. कित्येक दशकं तिचं मुख्य काम दारामागच्या बैठकांचं होतं. सभासद यायचे, मंत्री-राजदूत बोलायचे, ऐकलेलं वक्त्याच्या नावाने बाहेर सांगायचं नाही असा रिवाज. हास जुलै २००३मध्ये अध्यक्ष झाले आणि जून २०२३पर्यंत राहिले. (इथे अध्यक्ष म्हणजे संस्था चालवणारा कार्यकारी प्रमुख. संचालक मंडळाचा चेअरमन वेगळा असतो.) दारामागच्या बैठका त्यांच्या काळातही चालूच राहिल्या, पण बाहेरच्या वाचकासाठी, शिक्षकासाठी, शाळकरी मुलांसाठी केलेलं काम प्रचंड वाढलं. आज आपण वापरतो ती सेवा बरीचशी त्यातूनच उभी राहिली.

हास यांचा जन्म १९५१चा, ब्रुकलिनचा. ओबर्लिन कॉलेज, मग ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्ड. संरक्षण खातं, परराष्ट्र खातं, हार्वर्डच्या केनेडी स्कूलमध्ये अध्यापन, असं करत १९८९मध्ये ते थोरल्या बुश यांच्या राष्ट्रीय सुरक्षा परिषदेत आले. पश्चिम आशिया आणि दक्षिण आशिया हे त्यांचं खातं. मे १९९०मध्ये काश्मीरवरून भारत-पाकिस्तान युद्धाची भीती निर्माण झाली, तेव्हा बुश यांचे दूत म्हणून रॉबर्ट गेट्स इस्लामाबाद आणि दिल्लीला आले होते. त्या चमूत हास होते. त्यानंतर काही महिन्यांत इराकने कुवेत गिळलं आणि पुढचं सगळं संकट त्यांच्याच टेबलावरून गेलं. त्या कामासाठी १९९१मध्ये त्यांना प्रेसिडेन्शियल सिटिझन्स मेडल मिळालं. सरकारबाहेर पडल्यावर ब्रुकिंग्ज या वॉशिंग्टनच्या धोरण-अभ्यास संस्थेत परराष्ट्र धोरण विभागाचे प्रमुख, आणि २००१मध्ये पुन्हा सरकारात, परराष्ट्र खात्याच्या पॉलिसी प्लॅनिंग विभागाचे संचालक.

ही शेवटची जागा नीट समजून घेण्यासारखी आहे. १९४७मध्ये परराष्ट्रमंत्री जॉर्ज मार्शल यांनी हा विभाग काढला आणि जॉर्ज केनन त्याचे पहिले प्रमुख झाले. दूतावासांच्या रोजच्या तारांना उत्तरं देणं हे त्याचं काम नव्हे. परराष्ट्रमंत्र्यासमोर पुढच्या काही महिन्यांचे, वर्षांचे पर्याय मांडायचे: हे केलं तर हा फायदा, ही किंमत, हा धोका. जोडीला हास उत्तर आयर्लंडच्या शांतता प्रक्रियेसाठी अमेरिकेचे दूतही होते. इराकबाबत मात्र पर्याय मांडणाऱ्याला पर्याय उरलेच नव्हते. जुलै २००२मध्ये ते राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार कॉन्डोलिझा राइस यांना भेटले, तेव्हा युद्धाबाबत राष्ट्राध्यक्षांचं मन जवळपास ठरलेलं आहे असं त्यांना कळलं. वर्षभराने ते सरकार सोडून सीएफआरमध्ये आले.

या वाटेने गेलेले ते एकटे नाहीत. ब्रुकिंग्जचे स्ट्रोब टॅलबट आधी परराष्ट्र उपमंत्री होते. १९९८च्या अणुचाचण्यांनंतर जसवंत सिंह यांच्याशी बोलणी करणारे तेच. कार्नेगी या तशाच संस्थेचे विल्यम बर्न्सही परराष्ट्र उपमंत्री होते, आणि २०२१मध्ये कार्नेगीतून थेट सीआयएचे प्रमुख झाले. वॉशिंग्टनमध्ये थिंक टँकचं (अशा धोरण-अभ्यास संस्थेचं) प्रमुखपद हे सरकारी कामाचंच पुढचं किंवा मधलं टप्प्याचं ठिकाण असतं. त्यामुळे अशा संस्थेतून बाहेर पडणारा मजकूर मुळात एका प्रश्नाचं उत्तर देत असतो : अमेरिकेने आता काय करावं? सीएफआरची प्रत्येक सेवा वापरताना हा प्रश्न हाताशी ठेवला की तिची ताकदही दिसते आणि ती कुठे अपुरी पडते तेही.

सुरुवात बॅकग्राउंडरपासून करावी, कारण सगळ्यात जास्त उपयोग याचाच होतो. रचना ठरलेली असते. वर दोन-तीन ओळींचा सारांश, मग प्रस्तावना, मग प्रश्नरूपी मथळे : हे काय आहे, कसं सुरू झालं, वाद कशावरून आहे, अमेरिकेची भूमिका काय, पुढे काय होऊ शकतं. शेवटी अधिक वाचनासाठी दुवे. हे पॉलिसी प्लॅनिंगच्या टिपणाचंच घरगुती रूप आहे. वाचताना सारांश वगळा आणि आधी फक्त मथळे वाचा. त्यातल्या कोणत्या प्रश्नाचं उत्तर आपल्याला आधीच येतं ते बघा आणि ते परिच्छेद शेवटी ठेवा. नंतर अमेरिकी धोरणाचा परिच्छेद शोधून तो वेगळा काढा. उरलेला मजकूर बहुतेक वेळा कोणत्याही देशाच्या वाचकाला चालेल इतका सरळ असतो, या एका भागात मात्र ‘प्रश्न’ आणि ‘उपाय’ वॉशिंग्टनच्या अंगाने ठरलेले असतात.

मजकुरातले दुवे ही बॅकग्राउंडरची खरी कमाई. करारांच्या मूळ प्रती, सुरक्षा परिषदेचे ठराव, सरकारी आकडेवारी थेट हाती लागते. टिपणात किंवा प्रबंधात संदर्भ द्यायचा तर या मूळ कागदाचा द्यावा. बॅकग्राउंडर हा तिथवर नेणारा रस्ता समजावा. ‘तज्ज्ञांच्या मते’ असं जिथे येईल तिथेही दुवा उघडून बघायला हवा. तज्ज्ञ पुष्कळदा सीएफआरचेच निघतात, नाही तर ब्रुकिंग्ज किंवा कार्नेगीचे. या दोन संस्था मॅसॅच्युसेट्स अव्हेन्यूवर एकमेकींच्या शेजारी आहेत. तीन तज्ज्ञांची तीन मतं वाचल्याचा भास होतो, पण ती एकाच गल्लीतली असतात. तेहरान, जकार्ता, नैरोबी किंवा दिल्लीतल्या अभ्यासकाचं मत हवं असेल तर ते दुसरीकडून आणावं लागेल. ही या सेवेची मोठी उणीव आहे आणि इतकी साधनसामग्री असलेल्या संस्थेला ती भरून काढणं अवघड नाही.

दुसरी अडचण तारखेची. बॅकग्राउंडर अद्ययावत केला जातो तेव्हा पत्ता तोच राहतो आणि आतला मजकूर बदलतो. विद्यार्थ्याने तळटिपेत दिलेलं वाक्य परीक्षकाने सहा महिन्यांनी शोधलं तर ते तिथे नसतं. म्हणून वाचलं त्याच दिवशी पीडीएफ करून ठेवावी, किंवा पान वेबॅक मशीनमध्ये (वेबपानांच्या जुन्या प्रती जपणाऱ्या संग्रहात) जतन करून तो पत्ता द्यावा, आणि तळटिपेत ‘शेवटचा बदल’ आणि ‘पाहिल्याची तारीख’ दोन्ही लिहाव्यात. ज्या विषयांवर अमेरिकेत चर्चा नाही त्यांची पानं मागे पडतात हेही ध्यानात असू द्या. युक्रेनवरचं पान ताजं असेल म्हणून पश्चिम आफ्रिकेवरचंही असेल असं नाही. आधी तारीख बघायची, मग मजकूर.

ग्लोबल कॉन्फ्लिक्ट ट्रॅकर दिसायला सगळ्यात आकर्षक आणि चुकीचा वाचायला सगळ्यात सोपा. जगाचा नकाशा, त्यावर चालू संघर्षांचे ठिपके, ठिपक्यावर गेलं की ताज्या घडामोडी, पार्श्वभूमी आणि चिंतेचे मुद्दे. परिस्थिती बिघडते आहे, सुधारते आहे की जैसे थे आहे, हेही दिलेलं असतं. वर्गात दाखवायला उत्तम. घोटाळा होतो तो वर्गवारीत. इथले संघर्ष अमेरिकी हितसंबंधांवर किती परिणाम होतो यानुसार तीन गटांत पडतात : अत्यंत महत्त्वाचा, लक्षणीय, मर्यादित. तिथे माणसं किती मेली, किती विस्थापित झाली, याच्याशी या प्रतवारीचा संबंध नाही. पाहणारा मात्र रंग बघून तसंच समजतो, आणि मग ‘सीएफआरनुसार अमुक संघर्ष कमी गंभीर’ अशी वाक्यं लेखांत शिरतात.

संस्था हे लपवत नाही, हे तिच्या बाजूने सांगायलाच हवं. ट्रॅकर चालवणारं सेंटर फॉर प्रिव्हेंटिव्ह ॲक्शन २००८पासून दरवर्षी एक पाहणी करतं. परराष्ट्र धोरणातल्या जाणकारांना पुढच्या वर्षातल्या संभाव्य संघर्षांची शक्यता आणि परिणाम विचारून त्यांच्या तीन पायऱ्या लावल्या जातात. त्यातल्या व्याख्या सावकाश वाचाव्यात. ‘मोठा परिणाम’ म्हणजे ज्याने अमेरिकेची भूमी, तिचा संरक्षण-करारबद्ध मित्र किंवा तिचं कळीचं हित थेट धोक्यात येतं असा प्रसंग. ‘मध्यम’ म्हणजे करारबद्ध मित्र नसलेल्या, पण धोरणात्मक महत्त्वाच्या देशावर आलेला. आणि ‘कमी’ म्हणजे अमेरिकेच्या दृष्टीने मर्यादित महत्त्वाच्या देशांतला, मग तिथे मानवी हानी कितीही भयंकर होवो. आता ही व्याख्या दक्षिण आशियाला लावून बघा. जपान, दक्षिण कोरिया, फिलिपिन्स हे करारबद्ध मित्र, भारत तसा नाही. म्हणजे दोन अण्वस्त्रधारी शेजाऱ्यांमधली चकमक, व्याख्या काटेकोर लावली तर, मधल्या पायरीवर बसते. पाहणी चुकीची नाही, तिच्या मोजपट्टीवर अमेरिकेचे आकडे छापलेले आहेत. दिल्लीत किंवा ढाक्यात बसून ती तशीच उचलली तर आपलंच हित आपण दुसऱ्याच्या नजरेने मोजू लागतो. वर्गात याचा चांगला उपयोग असा : याद्या बाजूला ठेवायच्या, फक्त व्याख्या द्यायच्या, आणि ‘अमेरिका’ हा शब्द काढून तिथे दुसरा देश घालून मुलांना याद्या पुन्हा लावायला सांगायच्या.

ट्रॅकरमधले आणि बॅकग्राउंडरमधले नकाशे भारतात छापण्याआधी मात्र थांबा. आंतरराष्ट्रीय प्रकाशनांत काश्मीरची सीमा नियंत्रण रेषेसह, वादग्रस्त म्हणून दाखवण्याची पद्धत आहे. भारतात सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशाशी न जुळणारा भारताचा नकाशा प्रकाशित करणं १९६१च्या फौजदारी कायदा (दुरुस्ती) अधिनियमाखाली गुन्हा आहे. पुस्तिका, मासिक, यूट्यूबवरचा व्हिडिओ, सगळीकडे नकाशा सर्व्हे ऑफ इंडियाचा घ्यावा आणि माहिती तेवढी इथून उचलावी.

हास यांच्या काळातली सगळ्यात मोलाची निर्मिती कोणती विचाराल तर मॉडेल डिप्लोमसी. यात विद्यार्थी अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा परिषदेची किंवा संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेची बैठक भरवतात. प्रसंग लिहून दिलेला असतो, पार्श्वभूमी दिलेली असते, प्रत्येकाला भूमिका मिळते : राष्ट्राध्यक्ष, परराष्ट्रमंत्री, संरक्षणमंत्री, अर्थमंत्री, गुप्तचर विभागांचा संचालक, सेनादलांच्या संयुक्त समितीचा अध्यक्ष. बैठकीआधी प्रत्येकाने आपल्या भूमिकेतून भूमिकापत्र लिहायचं, बैठकीत मांडायचं, राष्ट्राध्यक्षाने निर्णय द्यायचा. नंतर भूमिका सोडून, स्वतःच्या नावाने, झाल्या निर्णयाचं परीक्षण लिहायचं. मोठे प्रसंग आहेत, तसे तासाभरात उरकतील असे छोटेही आहेत. आता हे सगळं सीएफआर एज्युकेशन या विभागात मिळतं.

ही बैठक फसते ती ठरावीक ठिकाणी. सगळ्यात आधी भूमिकापत्रात. मुलं स्वतःचं मत लिहितात, खात्याचं लिहीत नाहीत. अर्थमंत्र्याने निर्बंधांमुळे बँका आणि डॉलरच्या व्यवहारांचं काय होईल हे सांगायला हवं, तो मानवी हक्कांवर भाषण देतो. उपाय म्हणजे पत्राची पहिली ओळ ठरवून द्यायची : ‘माझ्या खात्याची जबाबदारी ही, म्हणून या प्रसंगात माझी पहिली चिंता ही.’ दुसरी चूक गुप्तचर संचालकाची. तो पर्याय सुचवू लागतो. त्याचं काम काय माहीत आहे, किती खात्रीने माहीत आहे आणि काय माहीत नाही एवढंच सांगायचं. अमुक करा म्हणणं त्याच्या कक्षेबाहेरचं. ही एक शिस्त पाळली तरी बैठकीचा दर्जा एकदम वर जातो. तिसरी चूक राष्ट्राध्यक्षाची : पहिल्या दोघांचं ऐकून निर्णय देऊन टाकतो. म्हणून सगळ्यांची पहिली फेरी होईपर्यंत राष्ट्राध्यक्षाला फक्त प्रश्न विचारायची मुभा ठेवावी, आणि बोलण्याचा क्रम राष्ट्रीय सुरक्षा सल्लागाराच्या हाती द्यावा. संख्या जास्त असेल तर एक भूमिका दोघांना द्यावी, एकाने पत्र लिहायचं, दुसऱ्याने मांडायचं. आणि नंतरचं परीक्षण कधीही वगळू नये. वेळ संपला म्हणून तेच आधी कापलं जातं, आणि शिकण्याचा निम्मा भाग तिथेच जातो. पर्यायांची किंमत कागदावर मांडणं ही जी सवय पॉलिसी प्लॅनिंगमध्ये लागते, ती इतक्या कमी वेळात लावणारं दुसरं शैक्षणिक साधन क्वचितच असेल.

वर्ल्ड१०१ त्यामानाने साधं. सार्वभौमत्व, व्यापार, चलन, अण्वस्त्रप्रसार, हवामान, जगाचे प्रदेश यांवर छोटे व्हिडिओ, आलेख आणि धडे. अकरावी-बारावीच्या किंवा पदवीच्या पहिल्या वर्षाच्या मुलांना परिभाषा समजावी म्हणून फार उपयोगी. चलन आणि व्यापाराचे भाग आवर्जून बघावेत. उदाहरणं आणि क्रम अमेरिकी शाळेतल्या मुलाला समोर ठेवून निवडले आहेत, तेव्हा शिक्षकाने आपली उदाहरणं तयार ठेवावीत. स्पर्धा परीक्षेच्या उमेदवाराने यावर फार वेळ घालवू नये, बॅकग्राउंडर पुरे.

‘फॉरिन अफेअर्स’ हे सशुल्क दालन. वर्षाला सहा अंक. पहिल्या अंकात, १९२२मध्ये, माजी अमेरिकी परराष्ट्रमंत्री एलिहू रूट यांनी लिहिलं होतं की परराष्ट्र धोरणावर लोकांचा ताबा येणार असेल तर लोकांना त्यातलं कळलंही पाहिजे. केनन यांनी ‘एक्स’ या सहीने सोव्हिएत संघाच्या वागण्याची मीमांसा केली ती इथेच, जुलै १९४७च्या अंकात, पॉलिसी प्लॅनिंगचं प्रमुखपद हाती असताना. भारताच्या अणुचाचण्यांची बाजू जसवंत सिंह यांनी १९९८मध्ये मांडली तीही इथेच. वर्गणी घ्यावी का? पदव्युत्तर विद्यार्थी, स्तंभलेखक आणि या विषयाचे प्राध्यापक यांनी घ्यावी, इतरांनी ग्रंथालयात वाचावं. विद्यापीठांच्या ग्रंथालयांकडे जुने अंक जेस्टोरसारख्या संग्रहातून असतात, हे बऱ्याच विद्यार्थ्यांना ठाऊकच नसतं.

वाचताना लेखाआधी लेखकाची ओळख वाचा. दोन ओळींत तो कोणत्या पदावर होता आणि कोणत्या वर्षांत, हे दिलेलं असतं. ती वर्षं बघून तो कोणत्या राष्ट्राध्यक्षाच्या हाताखाली होता ते काढा, मग त्याच काळातल्या निर्णयांवर लेखात काय म्हटलं आहे ते शोधा. माजी अधिकारी स्वतःच्या काळातल्या धोरणावर जितका मवाळ असतो तितका नंतरच्यांवर नसतो, आणि हे दोन ओळींवरून आधीच ताडता येतं. मोठा गाजलेला लेख एकटा वाचू नये. अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ सॅम्युएल हंटिंग्टन यांचा संस्कृतींच्या संघर्षाचा लेख १९९३च्या उन्हाळी अंकातला. पुढच्याच अंकात फुआद अजामी, किशोर महबूबानी आणि इतरांनी त्याची झडती घेतली, आणि त्यानंतर हंटिंग्टन यांचं उत्तर आलं. आपल्याकडे पहिला लेख सगळे उद्धृत करतात, पुढचे दोन अंक उघडतच नाहीत. अंकाच्या शेवटची नव्या पुस्तकांची परिच्छेदभर परीक्षणंही चुकवू नयेत. कोणतं पुस्तक वाचायचं हे ठरवायला ती पुरेशी असतात.

पॉडकास्ट आणि रोजची ईमेल-बातमीपत्रं चांगली आहेत, तरी अशी इतरत्रही मिळतात. त्यांच्या एका पॉडकास्टचं नाव ‘द प्रेसिडेंट्स इनबॉक्स’ आहे. ऐकणाऱ्याला कुणाच्या खुर्चीत बसवलं आहे हे त्यावरून कळावं.

त्यांच्यापेक्षा कितीतरी दुर्लक्षित आणि जास्त मोलाचा ऐवज म्हणजे सभांच्या शब्दशः नोंदी. सप्टेंबरमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेसाठी न्यूयॉर्कला आलेले राष्ट्रप्रमुख आणि परराष्ट्रमंत्री सीएफआरमध्ये बोलतात. एस. जयशंकर सप्टेंबर २०२३मध्ये बोलले, कॅनडाच्या आरोपांवर प्रश्न झाले. वर्तमानपत्रांत एखाद-दुसरं वाक्य येतं, इथे प्रश्न कुणी, कोणत्या शब्दांत विचारला आणि उत्तर किती वळणं घेऊन आलं, हे सगळं मिळतं. लेख लिहिणाऱ्याने अवतरण नेहमी इथून घ्यावं. जिथे शब्द ऐकू आला नाही तिथे तशी नोंद असते, ती जागा व्हिडिओवर तपासावी. शेवटचा प्रश्नोत्तरांचा भाग आधी वाचा, तयार भाषणापेक्षा तिथे जास्त हाती लागतं.

पण जे संकेतस्थळावर येतं ते संस्थेच्या कामाचा दर्शनी भाग आहे. ज्या बैठकांतलं बोलणं वक्त्याच्या नावाने बाहेर सांगायचं नाही त्या तशाच राहतात. प्रमुख माणसाचं कामही सगळं दिसत नाही. २०१३मध्ये हास यांनी मेगन ओ’सुलिव्हन यांच्यासोबत उत्तर आयर्लंडच्या पक्षांना झेंडे, मिरवणुका आणि भूतकाळातला हिंसाचार या तीन प्रश्नांवर एकत्र बसवलं. डिसेंबरअखेर सहमती झाली नाही, पण पुढच्या वर्षीच्या स्टॉरमॉन्ट हाउस कराराला त्या मसुद्याचा आधार मिळाला. एप्रिल २०२३मध्ये रशियाचे परराष्ट्रमंत्री लावरोव्ह यांच्याशी न्यूयॉर्कमध्ये त्यांची भेट झाल्याची बातमी एनबीसीने जुलैमध्ये दिली. त्या भेटीत काय बोलणं झालं ते कोणत्याही बॅकग्राउंडरमध्ये सापडणार नाही.

पैशाचं काय, हा प्रश्न कोणत्याही थिंक टँकबाबत विचारायलाच हवा. संस्था म्हणून सीएफआर धोरणांवर भूमिका घेत नाही, मतं लेखकांची असतात. टास्क फोर्सच्या (एखाद्या प्रश्नावर नेमलेल्या अभ्यासगटाच्या) अहवालात असहमत सदस्याला आपलं वेगळं मत जोडता येतं, ते पान जरूर वाचावं. पण देणग्यांवरून वाद झाले आहेत. २०१९मध्ये इंटर्नशिपसाठी, रशियातल्या उद्योगांतून श्रीमंत झालेले अब्जाधीश लेन ब्लाव्हाट्निक यांच्याकडून १.२ कोटी डॉलर घेतल्यावर अनेक अभ्यासकांनी जाहीर पत्र लिहून आक्षेप घेतला, हास यांनी देणगीचं समर्थन केलं. ते आक्षेपपत्र आणि हास यांची बाजू दोन्ही शेजारी ठेवून वाचण्यासारखी आहेत. स्वतः तपासायचं तर वार्षिक अहवालात देणगीदारांच्या आणि सभासद कंपन्यांच्या याद्या असतात. अमेरिकी करमुक्त संस्थांना भरावा लागणारा फॉर्म ९९० सार्वजनिक असतो, त्यात प्रमुखाचं वेतनही दिसतं. मोठ्या देणगीदारांची नावं असलेला त्याचा ‘शेड्यूल बी’ मात्र जनतेला नावं झाकून मिळतो, तेव्हा फक्त त्यावर विसंबू नये.

सभासदत्वाच्या मागे लागण्यात अर्थ नाही. ते अमेरिकी नागरिकांसाठी, किंवा नागरिकत्वाचा अर्ज केलेल्या कायम रहिवाशांसाठी आहे, तेही विद्यमान सभासदाने नाव सुचवल्यावर. ३० ते ३६ वयोगटासाठी पाच वर्षांचं मुदतीचं सभासदत्व असतं, नियम तेच.

जुलै २०२३पासून मायकेल फ्रोमन प्रमुख आहेत. ओबामांच्या काळात ते अमेरिकेचे व्यापार प्रतिनिधी होते, नंतर मास्टरकार्डमध्ये. आणि बघा, २०२४मध्ये संस्थेने अमेरिकेच्या आर्थिक नेतृत्वावर ‘रिअलइकॉन’ हा उपक्रम सुरू केला. आयात शुल्क, पुरवठा साखळ्या, निर्यातबंदी यांवर सामग्री हवी असेल तर सध्या तिथे बघावं.

शेवटी अनुवादाचा मुद्दा, कारण मराठीत ही गफलत सर्रास होते. बऱ्याच बॅकग्राउंडरखाली क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना असतो, आणि तो बीवाय-एनसी-एनडी ४.० प्रकारचा आहे. श्रेय देऊन, व्यापारी हेतू न ठेवता, जसाच्या तसा मजकूर वाटता येतो. त्यात बदल करून तो प्रसिद्ध करता येत नाही, आणि अनुवाद हा बदलच धरला जातो. आख्खा लेख मराठीत आणायचा तर लेखी परवानगी घ्यावी लागेल. वस्तुस्थितीवर मात्र कुणाची मालकी नसते. तारखा, करारातली कलमं, घटनाक्रम मूळ कागदांवरून तपासून आपल्या शब्दांत, आपल्या रचनेत लिहायला कुणाची आडकाठी नाही. तसं लिहिताना ‘अमेरिकेची भूमिका काय’ या मथळ्याच्या जागी आपल्या वाचकाचा प्रश्न घालावा.